शुश्रूषागृहातले मृत्यू आणि कोरोनरची दप्तरं : अभ्यास कसा करावा

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांसमोर दहा-वीस खाटांचं खासगी रुग्णालय येतं. इथे विषय तो नाही. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, कॅनडा अशा देशांत वयोवृद्ध माणसं जिथे कायमची राहायला जातात आणि जिथे चोवीस तास परिचारिका किंवा मदतनीस असतात, त्या जागेबद्दल आपण बोलतोय. तिला या लेखात ‘शुश्रूषागृह’ म्हटलं आहे आणि तिथे राहणाऱ्या माणसाला ‘निवासी’. दुसरा शब्द कोरोनर. अनपेक्षित, अपघाती, हिंसक किंवा कारण न कळलेल्या मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी. मेलं कोण, कधी, कुठे, कशाने आणि कोणत्या परिस्थितीत, एवढं तो ठरवतो. दोष कुणाचा हे ठरवणं त्याचं काम नाही, आणि हे अभ्यासकानेही विसरायचं नसतं.

या दप्तरांवर काम करताना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की हवी : कोरोनरकडे मृत्यू आपोआप पोचत नाही, तो कुणीतरी कळवावा लागतो. त्यामुळे दप्तरातला आकडा हा मृत्यूंचा आकडा नसतो, कळवलेल्या मृत्यूंचा असतो. दोन्हींतलं अंतर कधी किरकोळ असतं, कधी प्रचंड. उलट बाजूने पाहिलं तर शेवटच्या काही तासांचा जितका तपशील या दप्तरांत मिळतो तितका दुसऱ्या कुठल्याही सरकारी नोंदीत मिळत नाही. मोजण्यासाठी हे साधन लंगडं आहे, समजून घेण्यासाठी फार चांगलं आहे.

पायरी १ : दप्तराला झेपेल असा प्रश्न निवडा

‘शुश्रूषागृहांत किती लोक पडून मरतात?’ हा प्रश्न कोरोनरच्या दप्तराला विचारू नका, त्याचं उत्तर तिथे अर्धवटच आहे. ‘पडण्याआधीच्या चोवीस तासांत काय बदललं होतं? पडल्याचं किती वेळाने लक्षात आलं? रुग्णालयात कधी हलवलं?’ हे विचारा.

क्वचित घडणाऱ्या घटनांसाठी तर या दप्तराला पर्याय नाही. घास अडकून गुदमरणं, पलंगाच्या कठड्यात किंवा बांधून ठेवलेल्या पट्ट्यात मान अडकणं, एका निवाशाने दुसऱ्याला ढकलणं, आत्महत्या, दाराबाहेर भरकटून जाणं : एखाद्या शुश्रूषागृहाच्या अख्ख्या इतिहासात यातली एखादीच घटना घडते. देशभरातल्या घटना एकत्र आल्या तरच त्यांत काही सूत्र दिसायला लागतं.

अंदाज यावा म्हणून ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास पाहा. २०१७ साली तिथल्या ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त तो प्रसिद्ध झाला. जुलै २००० ते जून २०१३ या तेरा वर्षांत निवाशांचे २१,६७२ मृत्यू कोरोनरकडे कळवले गेले होते. त्यांतले ३,२८९ बाह्य कारणाने (आजाराने नव्हे, तर अपघात, आत्महत्या, मारहाण अशा कारणाने) झालेले होते, म्हणजे साधारण १५ टक्के. या बाह्य कारणांत पडण्याचे २,६७९, घास अडकण्याचे २६१ आणि आत्महत्येचे १४६. तेरा वर्षं आणि अख्खा देश धरूनही गुदमरण्याची प्रकरणं तीनशेच्या आतच राहिली. तेव्हा एका राज्याची तीन वर्षं घेऊन ‘निवाशांमधल्या आत्महत्यांची कारणं’ शोधायला निघाला असाल तर आताच थांबा.

पायरी २ : दरवाजा तपासा

दरवाजा म्हणजे कळवण्याचा कायदा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बहुतेक जण शेवटी उरकतात आणि तिथेच अडकतात. अभ्यासाच्या पूर्ण कालावधीसाठी प्रत्येक प्रदेशाचा एक तक्ता करा : कोणता मृत्यू कळवणं बंधनकारक होतं, कोणी कळवायचं, कोणते अपवाद होते आणि यातलं काय कोणत्या तारखेला बदललं.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २००९च्या कायद्यानुसार माणूस ७२ किंवा त्याहून मोठा असेल, अपघात वयामुळेच झालेला असेल आणि त्यात दुसऱ्या कुणाच्या कृतीचा किंवा हलगर्जीपणाचा भाग नसेल, तर डॉक्टर स्वतःच मृत्यूचा दाखला देऊ शकतो. नातेवाइकांचा आक्षेप नसला की ते प्रकरण कोरोनरकडे जातच नाही. या राज्याची शेजारच्या व्हिक्टोरियाशी तुलना करून ‘न्यू साउथ वेल्समध्ये वृद्ध कमी पडतात’ असा निष्कर्ष काढला, तर मोजलं गेलं ते त्या कलमाला. पडण्याला नव्हे.

इंग्लंड आणि वेल्समधला प्रकार आणखी बोलका आहे. स्मृतिभ्रंशासारख्या आजाराने स्वतःचे निर्णय घेऊ न शकणाऱ्या माणसाला शुश्रूषागृहात थांबवून ठेवायचं असेल तर तिथे ‘डेप्रिव्हेशन ऑफ लिबर्टी सेफगार्ड्स’ची कायदेशीर परवानगी लागते. मार्च २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चेशर वेस्ट प्रकरणात या परवानगीची व्याप्ती खूप वाढवली. अशी परवानगी लागू असताना झालेला मृत्यू ‘सरकारी ताब्यातला’ धरला जाई, म्हणून नव्वदीतल्या आजीबाई झोपेत शांतपणे गेल्या तरी कोरोनरची चौकशी सक्तीची झाली. ३ एप्रिल २०१७ पासून कायदा बदलला आणि ही सक्ती गेली. त्या तीन वर्षांत कळवलेल्या मृत्यूंच्या आलेखावर जो उंचवटा दिसतो त्याचा निवाशांच्या सुरक्षिततेशी काही संबंध नाही.

दरवाजा किती बंद असू शकतो हे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने पाहिलं. तिथे एका परिचारिकेने काही वर्षांच्या काळात शुश्रूषागृहांतल्या आठ निवाशांना इन्सुलिन देऊन मारलं. २०१७ मध्ये तिला शिक्षा झाली. त्यानंतर नेमलेल्या सार्वजनिक चौकशीने जुलै २०१९च्या अहवालात सांगितलं की, तिने स्वतः कबुली दिली नसती तर हे गुन्हे उघडकीला आले नसते. ओंटारिओत शुश्रूषागृहातल्या प्रत्येक मृत्यूसाठी एक ठरावीक फॉर्म भरून कोरोनरच्या कार्यालयाकडे जात असे, तरीही. चौकशीच्या शिफारशींत तो फॉर्म नव्याने आखण्याची शिफारसही होती.

एवढं झालं की ‘दरवाज्याबाहेर काय राहिलं असेल’ यावर एक परिच्छेद लिहून ठेवा. अभ्यास संपल्यावर लिहिला तर तो समर्थन वाटतो. आधी लिहिला तर रचना सुधारायला उपयोगी पडतो.

पायरी ३ : परवानग्या

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची दप्तरं ‘नॅशनल कोरोनियल इन्फर्मेशन सिस्टिम’ या एकाच संगणकीय व्यवस्थेत मिळतात. ऑस्ट्रेलियाची माहिती जुलै २००० पासूनची आहे (क्वीन्सलँडची जानेवारी २००१ पासून) आणि न्यूझीलंडची जुलै २००७ पासूनची. प्रवेशासाठी व्हिक्टोरियाच्या न्याय विभागाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियाची प्रकरणं हवी असतील तर तिथल्या कोरोनरच्या एथिक्स कमिटीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तुमच्या स्वतःच्या संस्थेची मंजुरी याशिवाय. हे अर्ज एकामागून एक नव्हे, एकाच वेळी तयार करा, कारण एका कमिटीने सुचवलेली दुरुस्ती बाकीच्यांना कळवावीच लागते.

इंग्लंड-वेल्ससाठी असं एकत्रित भांडार संशोधकांना सहज उपलब्ध नाही. मात्र जुलै २०१३ पासून कोरोनरने लिहिलेले ‘भविष्यातले मृत्यू टाळण्याचे अहवाल’ न्यायसंस्थेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात आणि ते वाचायला परवानगी लागत नाही. पण ते एकूण प्रकरणांचं प्रतिनिधित्व करत नाहीत. ज्या मृत्यूत कोरोनरला पुढचा धोका दिसला तेवढेच ते.

अर्जात दोन गोष्टी मागायला विसरू नका : नुसती कोड केलेली फील्ड्स (ठरावीक खुणांनी भरलेले रकाने) नव्हे तर जोडलेले चारही कागद (पोलिसांचं निवेदन, शवविच्छेदन अहवाल, विषविज्ञान अहवाल, कोरोनरचा निष्कर्ष), आणि प्रकरण बंद झाल्याची तारीख. ही तारीख का लागते ते पुढे येईल.

पायरी ४ : निवासी शोधून काढा

इथे सगळ्यात जास्त गळती होते. ‘मृत्यूचं ठिकाण : शुश्रूषागृह’ एवढ्याच गाळणीने शोधलंत तर बहुतेक प्रकरणं हातून निसटतील. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात बाह्य कारणांच्या मृत्यूंपैकी सुमारे ९६ टक्के प्रकरणांत घटना शुश्रूषागृहातच घडली होती, पण मृत्यू मात्र दोन-तृतीयांश वेळा दुसरीकडे झाला होता, बहुधा रुग्णालयात. माणूस पडतो एका छताखाली आणि मरतो दुसऱ्या छताखाली.

म्हणून चार वेगवेगळ्या गाळण्या लावा आणि मिळालेली प्रकरणं एकत्र करा :

घटनेचं ठिकाण. मृत्यूचं ठिकाण. राहत्या पत्त्याचं सरकारी परवानाधारक शुश्रूषागृहांच्या यादीतल्या पत्त्यांशी जुळणं. आणि कागदांतल्या मजकुरात शब्दशोध.

शब्दशोधाची यादी स्थानिक बोलीनुसार बनवावी लागते. ऑस्ट्रेलियात नुसतं ‘नर्सिंग होम’ शोधून भागत नाही. ‘एज्ड केअर’, ‘रेसिडेन्शियल केअर’, ‘हाय केअर’, ‘लो केअर’, ‘डिमेन्शिया युनिट’, ‘रेस्पाइट’ आणि विशेषतः ‘हॉस्टेल’ हे सगळं लागतं. कमी मदत लागणाऱ्या वृद्धांच्या निवासाला तिथे हॉस्टेल म्हणत. उच्च आणि कमी काळजी असा परवान्यातला फरक १ जुलै २०१४ ला संपला, पण पोलिसांच्या निवेदनात जुना शब्द पुढेही येत राहतो. नुसता ‘हॉस्टेल’ शोधला की विद्यार्थी आणि बेघरही गळाला लागतात, तेव्हा वयाची अट जोडा.

मग नको ती प्रकरणं वेचून काढा. भेटायला आलेला पाहुणा, तिथला कर्मचारी, त्याच आवारातल्या स्वतंत्र घरकुलात राहणारा वृद्ध : हे निवासी नाहीत. काही दिवसांसाठी तात्पुरता दाखल झालेला माणूस निवासी धरायचा का, हे आधीच लिहून ठरवा. आमचं मत : धरा, पण वेगळी खूण करा. नव्या जागेतले पहिले काही दिवस धोक्याचे असतात आणि ही माणसं नेमकी त्याच दिवसांत असतात.

आयसीडी-१० (आजार आणि मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी) च्या कोडवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. बाह्य कारणाच्या कोडला जोडायचा ‘ठिकाण’ अंक १ म्हणजे निवासी संस्था. त्यात शुश्रूषागृहाबरोबर तुरुंग, अनाथालय आणि लष्करी छावणीही येते. शिवाय डब्ल्यू ०० ते डब्ल्यू १९ हे पडण्याचे कोड पुरेसे नाहीत. एक्स ५९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट घटक’, तपासाच. मांडीचं हाड मोडलं पण कसं ते दाखल्यात लिहिलं नाही, अशी प्रकरणं तिथे जाऊन बसतात. नव्वदीतल्या निवाशाचं खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडूनच मोडतं. ती प्रकरणं उघडून वाचा.

पायरी ५ : एक फाइल जवळून वाचू

समजा, फाइल अशी आहे (प्रसंग नमुन्यादाखल रचलेला). ८७ वर्षांची महिला, स्मृतिभ्रंश, वॉकर घेऊन चालते. पोलिसांचं निवेदन म्हणतं : ‘पहाटे ५.५० ला पडली.’ शुश्रूषागृहाच्या नोंदीत : ‘५.५० ला संडासाच्या दाराशी जमिनीवर आढळली.’ कोरोनरच्या निष्कर्षात : ‘शेवटची १.३० ला झोपलेली पाहिली होती.’ रुग्णालयात खुब्याची शस्त्रक्रिया, सहाव्या दिवशी न्यूमोनिया, अकराव्या दिवशी मृत्यू. शवविच्छेदन नाही, फक्त बाह्य तपासणी. मृत्यूचं कारण : न्यूमोनिया, खुब्याच्या अस्थिभंगानंतर.

नवखा कोडर, म्हणजे फाइल वाचून फॉर्म भरणारा, पडण्याची वेळ ५.५० लिहितो. ती वेळ सापडण्याची आहे. पडण्याची वेळ १.३० ते ५.५० मध्ये कुठेही असू शकते. हा फरक शेकडो फाइलींत सोडून दिला की आलेखावर पहाटे सहाच्या आसपास सुळका दिसतो आणि कुणीतरी ‘पहाटे कर्मचारी वाढवा’ अशी शिफारस करून मोकळा होतो. खरं तर तो सुळका सकाळच्या फेरीचा असतो. म्हणून वेळेची तीन फील्ड्स हवीत : शेवटची पाहिल्याची, आढळल्याची आणि प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार असेल तरच घटनेची.

दुसरा सापळा कारणांच्या साखळीत. दाखल्यावर पहिल्या ओळीत ‘न्यूमोनिया’ असलं तरी साखळीची सुरुवात पडण्यातून आहे, म्हणून मृत्यू बाह्य कारणाचा. हेच प्रकरण डॉक्टरने ‘न्यूमोनिया, वार्धक्य, स्मृतिभ्रंश’ एवढंच लिहून निकाली काढलं असतं तर कोरोनरपर्यंत आलंच नसतं. पडणं आणि मृत्यू यांत जितके जास्त दिवस, तितकी ही शक्यता जास्त. त्यामुळे ‘घटनेपासून मृत्यूपर्यंतचे दिवस’ हे फील्ड ठेवा आणि दीर्घ अंतराची प्रकरणं कमी नोंदली गेली आहेत असं धरूनच वाचा.

तिसरा, विषविज्ञान. शवविच्छेदन नाही म्हणजे अनेकदा रक्ताची तपासणीही नाही. या महिलेला झोपेची गोळी दिली होती का? फाइल गप्प आहे. ‘गोळीचा संबंध नाही’ असं कोड केलंत तर ती चूक तुमची, फाइलची नाही.

पायरी ६ : कोडिंगचा फॉर्म

या शेवटच्या मुद्द्यावरूनच फॉर्मचा सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. प्रत्येक हो-नाही फील्डला तीन उत्तरं हवीत : ‘हो’, ‘स्पष्टपणे नाही’ आणि ‘उल्लेख नाही’. पोलिसाला पलंगाच्या कठड्याबद्दल विचारायचं सुचलं नाही, याचा अर्थ कठडा नव्हता असा होत नाही. दोन उत्तरांवर काम भागवलेल्या अभ्यासांत धोक्याचे घटक हमखास कमी दिसतात, आणि निकाल लागल्यावर ही चूक दुरुस्त करता येत नाही. पुन्हा पहिल्या फाइलीपासून वाचावं लागतं.

फॉर्म चाळीस फील्ड्सच्या आत ठेवा. ओळख आणि तारखा, निवाशाची प्रकृती (स्मृतिभ्रंश, चालण्याची क्षमता, गिळण्याचा त्रास, आधीच्या घटना), घटनेचं वर्णन, आढळल्यानंतर काय केलं, वैद्यकीय कारण, कोरोनरचं मत आणि शिफारस. घटनेचा प्रकार बदलला की चार-पाच फील्ड्स बदलतील. घास अडकण्यासाठी : काय खात होती, आहाराचा पोत ठरवून दिला होता का, ठरवल्याप्रमाणेच मिळाला का, जेवताना शेजारी कोण होतं, घास कुणी दिला. यातलं ‘ठरवलं होतं’ आणि ‘मिळालं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मऊ आहार लिहून दिलेल्या माणसाच्या हाती पाहुण्याने आणलेला ब्रेडचा तुकडा पडला, तर पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही. कामाची माहिती या दोहोंच्या फटीत असते.

शेवटी एक मोकळी चौकट ठेवा : घटना तीन-चार वाक्यांत, कोडरच्या शब्दांत. नंतर वर्गवारी बदलावी लागली तर ही चौकट वाचून भागतं, सगळ्या फाइली पुन्हा उघडाव्या लागत नाहीत.

फॉर्म आधी तीस फाइलींवर चालवून पाहा. त्या तीसमध्ये सगळ्या पडण्याच्या नकोत. गुदमरणं, आत्महत्या, मारहाण, नैसर्गिक असं मुद्दाम मिसळा. या फेरीत फॉर्म किमान दोनदा बदलतो. बदलला नाही तर फाइली नीट वाचल्या गेल्या नाहीत असं समजा.

पायरी ७ : दोन कोडर जुळतात का

सगळ्या फाइली दोघांनी वाचणं उत्तम. जमत नसेल तर १० ते २० टक्के तरी स्वतंत्रपणे वाचा. जुळणी मोजताना नुसती टक्केवारी देऊ नका. समजा, दोन्ही कोडर ८० टक्के प्रकरणांना ‘पडणं’ म्हणतात. मग डोळे मिटून कोड केलं तरी योगायोगाने ०.८ × ०.८ अधिक ०.२ × ०.२, म्हणजे ६८ टक्के जुळणी होणारच. प्रत्यक्ष जुळणी ९० टक्के असेल तर कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाची जुळणी वगळून खरी जुळणी दाखवणारा आकडा, (०.९० − ०.६८) ÷ (१ − ०.६८), म्हणजे सुमारे ०.६९ येतो. बरा आहे, पण ‘९० टक्के’ म्हटल्यावर वाटतं तितका नाही.

मतभेद नोंदवा आणि सोडवा, पण बहुमताने नव्हे. प्रत्येक मतभेदातून कोडिंगच्या नियमपुस्तिकेत एक वाक्य वाढलं पाहिजे : ‘ढकलल्यामुळे पडून मृत्यू झाल्यास मृत्यूचा प्रकार पडणं, हेतू मारहाण’ अशा प्रकारचं. हे वाक्य नसेल तर निवाशानिवाशांतली हिंसा पडण्याच्या ढिगात गडप होते.

पायरी ८ : छेद कोणता घ्यायचा

कोरोनरचं दप्तर फक्त अंश देतं. छेद बाहेरून आणावा लागतो आणि कुठला आणता त्यावर निकाल पालटतो. दोन शुश्रूषागृहं घ्या, दोन्हींत कायम १०० निवासी, दोन्हींत वर्षाला एक अपघाती मृत्यू. पहिल्यात माणूस सरासरी दोन वर्षं राहतो, म्हणून वर्षाला ५० नवे दाखल. दुसऱ्यात सहा महिने, म्हणून २००. दाखल होणाऱ्या दर हजार माणसांमागे पहिल्यात २० मृत्यू आणि दुसऱ्यात ५. दर हजार निवासी-वर्षांमागे (एक निवासी एक वर्ष राहिला की एक निवासी-वर्ष) दोन्हींत १०. धोका सारखाच, छेदाने चौपट फरक पाडला.

वर उल्लेखलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात बाह्य कारणाच्या मृत्यूंचा दर दाखल होणाऱ्या माणसांमागे दिला आहे : २००१-०२ मध्ये हजारी १.२ आणि २०११-१२ मध्ये हजारी ५.३. हा आकडा वाचताना तीन शक्यता एकदम समोर ठेवाव्या लागतात. अपघात वाढले, किंवा कळवणं वाढलं, किंवा येणारी माणसं अधिक वृद्ध आणि अधिक आजारी झाली. एकट्या कोरोनरच्या दप्तरावरून यांतलं एक निवडता येत नाही. शक्य असेल तेव्हा निवासी-दिवस किंवा निवासी-वर्षं हाच छेद घ्या आणि वयोगटांनुसार दर काढा.

आता ती ‘बंद झाल्याची तारीख’. कारण आणि हेतूची फील्ड्स चौकशी संपल्यावरच पक्की होतात. पडण्याचं साधं प्रकरण काही महिन्यांत मिटतं, सुनावणी झालेलं प्रकरण वर्षानुवर्षं चालू राहतं. त्यामुळे अलीकडच्या वर्षांत मृत्यू घटल्यासारखे दिसतात, आणि घट सगळ्यांत जास्त दिसते ती गंभीर प्रकारांत, कारण तीच प्रकरणं लांबतात. प्रत्येक वर्षाचं बंद प्रकरणांचं प्रमाण काढा. ते ज्या वर्षी ९५ टक्क्यांखाली जातं तिथे कालरेषा तोडा. हा आकडा शास्त्राने ठरवलेला नाही, कामचलाऊ मर्यादा आहे, पण कुठलीतरी मर्यादा आधी जाहीर केलेली बरी.

पायरी ९ : शिफारशींचा मागोवा

कोरोनरची शिफारस हा दप्तराचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग. इंग्लंड-वेल्समध्ये भविष्यातले मृत्यू टाळण्याच्या अहवालाला ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. व्हिक्टोरियात २००८च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांना तीन महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणजे शिफारस आणि उत्तर अशी जोडी तयार मिळते.

प्रत्येक शिफारशीसाठी एवढं टिपा : कुणाला उद्देशून, कोणत्या पातळीवर (एक शुश्रूषागृह, मालक संस्था, नियामक, उपकरण बनवणारा), नेमकी कृती सांगितली आहे की नुसतं ‘लक्ष द्यावं’, उत्तर आलं का, आणि आलं तर स्वीकार, पर्याय की नकार. ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं’ या जातीच्या शिफारशी ढिगाने सापडतात. त्यांना वेगळा कोड द्या, नाहीतर पलंगाच्या कठड्यातली फट किती असावी अशी ठोस शिफारसही त्याच गठ्ठ्यात जाते.

शिफारस नाही म्हणजे काही चुकलं नव्हतं, असं मात्र समजू नका. बहुतेक प्रकरणं सुनावणीशिवाय कागदांवरच मिटतात आणि शिफारशी मुख्यतः सुनावणी झालेल्यांत येतात. तसंच, एखाद्या शुश्रूषागृहाच्या नावावर जास्त प्रकरणं दिसली म्हणून ते वाईट ठरत नाही. प्रामाणिकपणे कळवणारी जागाच दप्तरात जास्त दिसते.

पायरी १० : छापण्याआधी

निष्कर्ष सार्वजनिक आहे म्हणून तपशील मोकळेपणाने छापता येतो, ही समजूत सोडा. वय, महिना, गावाचा आकार आणि ‘सूप घेताना घास अडकला’ एवढ्यावरून स्थानिक बातमी शोधता येते, आणि बातमीत नाव असतं. वय गटात द्या, तारखेऐवजी वर्षगट द्या, पाचपेक्षा कमी प्रकरणांचा रकाना लपवा. एकच रकाना लपवून बेरीज उघडी ठेवलीत तर वजाबाकीने तो परत मिळतो, म्हणून सोबत आणखी एक रकाना लपवावा लागतो. उदाहरणं द्यायचीच असतील तर दोन-तीन प्रकरणांचे धागे मिसळून रचा आणि ती रचलेली आहेत हे लिहा.

कोडरची काळजी हीसुद्धा पद्धतीचाच भाग आहे. पडण्याच्या फाइलीला अर्धा-पाऊण तास लागतो, सुनावणीच्या निष्कर्षाला अर्धा दिवसही जातो, आणि त्यात नातेवाइकांचे जबाब असतात. आत्महत्येच्या आणि मारहाणीच्या फाइली सलग देऊ नका, पडण्याच्या फाइलींत मिसळा. दिवसाला चार-पाच तासांपेक्षा जास्त वाचन नको. थकलेला कोडर ‘उल्लेख नाही’ जास्त निवडतो. जुळणीचा कप्पा दर आठवड्याला काढलात तर ही घसरण आकड्यांतही दिसते.

शेवटचं काम किरकोळ वाटेल, पण टाळू नका. शोधाच्या गाळण्या, त्यांचा क्रम, शब्दांची यादी आणि शोध चालवल्याची तारीख एका फाइलीत जतन करा. दप्तर जिवंत असतं : प्रकरणं पुन्हा उघडतात, कोड सुधारले जातात, उशिरा आलेले अहवाल जोडले जातात. तोच शोध सहा महिन्यांनी चालवला की आकडा थोडा वेगळा येतो, आणि त्या वेळी आधीची तारीख हातात नसेल तर चूक दप्तरात झाली की तुमच्याकडून, हे सांगता येत नाही.